अळणी कांड्या

लूमच्या खात्यात ज्याचा जन्म गेला त्याचे कान खात्यातच राहतात. इथे सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. मिसरूड फुटायच्या आत मी धुळ्याकडून उधन्याला आलो आणि हात थरथरायला लागेपर्यंत कापड विणायचे लूम चालवले. आता डाव्या कानाला काहीच येत नाही, उजव्याला कोणी ओरडलं तरच येतं. त्यात रडण्यासारखं काही नाही. आमच्या गल्लीत माझ्या वयाचे सगळे तसेच. आम्ही ओट्यावर गप्पा मारायला बसलो की नवीन भाडेकरूला वाटतं भांडण चाललंय, आता हाणामारी होईल.

घरात ऐकण्याचं काम ही करायची. ही म्हणजे माझी बायको. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, भाजीवाला आला, सगळं तिने ऐकायचं आणि माझ्या खांद्याला हात लावून सांगायचं. पुढे तिचे गुडघे गेले. उठता येईना. तेव्हा ते काम तिने कुत्रीला शिकवलं.

कुत्री खात्यामागच्या वाया गेलेल्या सुताच्या ढिगात सापडलेली. तांबडी, एक कान मोडलेला. ही पलंगावर बसल्या बसल्या म्हणायची, "जा, सांग त्यांना." कुत्री यायची, माझ्या गुडघ्याला नाक लावायची आणि दाराकडे बघायची. मग मी उठायचो. पुढे पुढे हिला सांगावंही लागत नव्हतं. कुत्रीचं नाव हिने ठेवलं होतं. मी कधी नावाने हाक मारली नाही. मी "ए" म्हणतो, ती येते.

ही थंडीत गेली. सकाळी चहा प्यायली आणि दुपारी नव्हती. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहून काही परत येत नाही.

घरात चूल बंद. मग माणसं रडत आली आणि येताना डबे घेऊन आली. गुजराती शेजारणींनी खिचडी-कढी पाठवली, गुळाची डाळ पाठवली. आमच्या खानदेशातल्या लोकांनी भाजी-भाकरी आणली. तेराव्याला बुंदी होती. आणि जो येईल त्याला कुत्री दिसायची. ती हिच्या फोटोखाली बसलेली. बिचारी, म्हणायचे, आणि हातात असेल ते तिच्यापुढे टाकायचे. कोणी गाठिया, कोणी फाफडा, कोणी खारी. रडणाऱ्या माणसाला कोणाला तरी काही द्यावंसं वाटतं. मला दिलं तरी मी खात नव्हतो. कुत्री खात होती.

एक दिवस सून बाजारातून आली आणि बाहेरून बेल वाजवत बसली. दार कोणी उघडेना. शेवटी शेजारणीच्या घरातून आमच्या गच्चीवर येऊन, जिना उतरून ती आत आली आणि माझ्यासमोर उभी राहून हातवारे करायला लागली. "बाबा, केवढी बेल मारली!"

मी कुत्रीकडे बघितलं. ती फोटोखालीच होती. पाठ कमानीसारखी वर काढून उभी, पोट आत ओढलेलं, तोंडातून लाळेची तार. मी "ए" म्हटलं. तिने बघितलं पण आली नाही.

जनावरांच्या दवाखान्यात रिक्षाने नेलं. डॉक्टर पोरगी होती, माझ्या सुनेहून लहान, पण आवाज चांगला खणखणीत. तिने पोट दाबून बघितलं, रक्त काढलं, सुई दिली. मग मला विचारलं, "दादा, इसको क्या क्या खिलाया है?"

मी सांगायला लागलो. बुंदी म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

पोटातली ग्रंथी सुजली आहे, म्हणाली. तेल, तूप, मीठ, साखर, गूळ, कांदा, लसूण सगळं बंद. दुकानातली बिस्किटंसुद्धा बंद. परत असं झालं तर वाचणार नाही. मी विचारलं, मग देऊ काय? ती म्हणाली, थोडे दिवस मऊ भात, उकडलेला लाल भोपळा. उलटी थांबली की घरीच बिस्किटं भाजा. ज्वारीचं पीठ, भोपळा, बस. दातांना चावायला कडक काही लागतं, नाहीतर ती पुन्हा लोकांपुढे जाऊन उभी राहील. मग घरी कोणी बाई आहे का करणारी, म्हणून तिने माझ्या मागे बघितलं.

मी म्हटलं, मी आहे.

खरं सांगायचं तर मला तोवर चहासुद्धा धड येत नव्हता. पण लूमही काही आईच्या पोटातून शिकून आलो नव्हतो. सुनेला मी सांगितलं की यात तू पडायचं नाही. तिला घर आहे, पोरं आहेत, नवऱ्याचा डबा आहे. माझा पोरगा सुरतेबाहेर सचिन गावात मिलमध्ये पाळीत जातो. हे काम माझं. हिच्यानंतर मला हाक पोचवणारी तेवढी एक राहिली होती. तिला मी गाठियावर मरू देणार नव्हतो.

भाजायचं म्हटल्यावर मला एकच भाजलेली वस्तू माहीत, आमची खानदेशी बट्टी. लग्नकार्यात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात ती. ही बट्टीचं पीठ मळायची तेव्हा मी बघितलं होतं. म्हणून मी ज्वारीचं जाडसर पीठ घेतलं, भोपळा उकडून कुस्करला, भोपळ्याच्याच पाण्यात मळलं आणि लिंबाएवढे गोळे केले. तव्यावर ठेवून झाकण घातलं. बाहेरून छान रंग आला. कुत्रीने खाल्ला आणि ओकली. फोडून बघितलं तर आत कच्चं पीठ.

मग मला बेकरी आठवली. दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीतल्या बायका घरचं तूप, साखर, पीठ डब्यात घेऊन बेकरीत जातात. तिथे भट्टीवर नानखटाई भाजून देतात. हीसुद्धा दर वर्षी जायची आणि ट्रेसमोर उभी राहायची. नाहीतर आपल्या तुपाची नानखटाई दुसरीच्या डब्यात जाते, म्हणायची. मी तोच डबा घेतला, त्यात गोळे भरले आणि गेलो.

बेकरीवाल्याने झाकण उघडलं आणि ओरडून विचारलं. "काका, आ शेना बिस्किट?"

"ज्वारीचे. भोपळा आहे आत."

"डायाबिटीस छे?"

"मला नाही. कुत्रीसाठी आहेत."

त्याने झाकण असं लावलं जसं आत साप आहे. "ना काका. मारी ट्रे मां नहीं. घराक जोशे तो?" गिऱ्हाइकाने बघितलं तर, असं त्याचं म्हणणं.

ट्रेच्या रॅकखालून तेव्हाच एक उंदीर आरामात चालत गेला. मी म्हटलं, "और ये चूहा? इसको पूछता है, किसकी ट्रे में चढ़ना है?"

मागे उभ्या असलेल्या बाईने तोंडाला पदर लावला. बेकरीवाला हसला, पण डबा त्याने परतच दिला. जाऊ दे. त्याचा धंदा आहे.

घरी येऊन मी जुनी लोखंडी कढई काढली. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून वाळू आणली, धुतली, गच्चीवर वाळवली. कढईत वाळू, तिच्यात तिवई, वर थाळी, वर जड झाकण. सुनेने गॅसची जुनी शेगडी गच्चीवर लावून दिली, कारण भोपळा करपल्याचा वास तिला खाली नको होता. चुलीची भट्टी झाली. मी सकाळी गोळे वळायचो, थोडे सुकायला थाळीत मांडून ठेवायचो, मग भाजायचो.

अशाच एका सकाळी माझी मोठी बहीण आली. ती मागच्या गल्लीत राहते. हिच्यामागे घरचे सगळे विधी तीच बघत होती. जिना चढून ती गच्चीवर आली आणि जिथल्या तिथे थांबली.

मी बघितलं तेव्हा मला कळलं ती काय बघते आहे. स्टीलची थाळी. थाळीत ज्वारीच्या पिठाचे पांढरे गोळे, एका ओळीत. कठड्यावर कावळे. एक कावळा खाली उतरला आणि माझ्या डोळ्यांदेखत गोळा उचलून गेला. दहाव्याला तापीच्या काठावर आम्ही सगळे हात जोडून उभे होतो तेव्हा एक कावळा फिरकायला तयार नव्हता. आणि इथे रांग.

"हाई काय शे रे भाऊ?" तिचा आवाज मला चांगला ऐकू आला, इतका तो चढला होता. "पिंड वळी राहिना का तू घरमा?"

"पिंड नही आक्का. कुत्रीनं खाणं शे."

"मीठ टाकं का त्यामा?"

"नही."

"अळणी! गोल! आणि कावळा शिवना!" तिने कपाळावर हात मारला. "वर्ष नही सरनं आजून. रोज सकाळ उठीसन पिंड वळस. तुनं डोकं फिरनं का?"

मी डॉक्टरचं सांगितलं. ग्रंथीचं सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरला काय, ती गुजरातण, तिला काय कळतं आपल्या घरात अळणी कधी शिजतं ते. आमच्यात अळणी मेल्यावरच शिजतं हे खरंच आहे. ती काही खोटं बोलत नव्हती. तिला भीती वाटत होती. घरात लहान पोरं आहेत. त्यांची आजी नुकती गेली. आणि आजोबा गच्चीवर बसून रोज पिंड करतोय.

ती खाली गेली आणि सुनेला सांगितलं, एकतर हे बंद, नाहीतर कुत्री पांजरापोळात द्या. तिथे चांगलं सांभाळतात. रात्री जेवताना पोराने तोच विषय काढला. ताटाकडे बघत, हळू आवाजात, म्हणजे मला ऐकू येणार नाही अशा बेताने. सुनेने त्याला कोपर मारलं तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "मोठ्याने बोल."

"आत्या म्हणते ते चुकीचं नाही बाबा. गल्लीत पण लोक विचारतात."

"कुत्री गेली तर तिच्याबरोबर मी जातो. पांजरापोळात म्हाताऱ्या बैलांना पण ठेवतात."

सुनेने मला भाकरी वाढली.

पण मी रात्रभर विचार केला असं नाही. मला झोप चांगली लागते. सकाळी पीठ मळायला बसलो तेव्हा हात आपोआप गोळा करायला लागला आणि मी थांबलो. कुत्रीला गोलच पाहिजे असं कुठे आहे? आणि गोल भाजतंही नीट नव्हतं. मधे जाड असल्याने आतपर्यंत आच पोचत नाही, म्हणून जास्त वेळ ठेवलं तर वर काळं पडतं.

लूमच्या धोट्यात सुताची कांडी बसते. बोटापेक्षा थोडी लांब, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती होत जाते. माझ्या हातातून किती कांड्या गेल्या ते देवाला माहीत. मी पिठाची लाटी तळव्याखाली घेऊन पुढे-मागे फिरवली आणि कांडी झाली. बघायलासुद्धा लागलं नाही. थाळीत मांडल्या तेव्हा त्या पिंडासारख्या दिसेनात. खात्यातल्या ट्रेमध्ये भरून ठेवतात तशा दिसत होत्या. कढईत ठेवल्या तर आतपर्यंत भाजल्या. गार झाल्यावर वाजवून बघितल्या, लाकडासारख्या कडक. आणि कावळे येऊ नयेत म्हणून सुनेने तिच्या जुन्या ओढणीचा तुकडा दिला, झाकायला. तिने दिला, मी मागितला नव्हता.

कुत्रीने पहिली कांडी तोंडात धरली, फोटोखाली नेली, दोन पायांत पकडली आणि बराच वेळ चावत बसली. ओकली नाही.

गल्लीतल्या लोकांना मी एकेकाला पकडून सांगितलं. गाठिया द्यायचा नाही. खमण द्यायचं नाही. दया येत असेल तर माझ्याकडे या, मी कांडी देतो, ती द्या. एक काका म्हणाले, "अरे एक फाफडामां शुं थई जाय?" मी म्हटलं, तुमच्या बायपासच्या वेळी मी तुमच्यापुढे फाफडा धरला होता का? ते चिडले, आठ दिवस ओट्यावर आले नाहीत. मग आले. कांडी मागून घेतली.

हळूहळू कुत्रीची पाठ सरळ झाली. डॉक्टरने पोट दाबलं तर कण्हली नाही. डॉक्टर म्हणाली, अच्छा है, लेकिन एक दिन का तेल फिर से यहीं लाएगा. एक दिवस मी खुर्चीत बसलो होतो, गुडघ्याला ओलं लागलं. कुत्री माझ्याकडे बघत होती, मग दाराकडे. मी उठून दार उघडलं. दूधवाला होता. त्याच्याकडे मी का इतका वेळ बघत उभा राहिलो ते त्याला कळलं नसेल.

आक्का मात्र येत नव्हती. तिच्याकडे मी गेलो तर जेवायला वाढायची, बोलायची, पण आमच्या घरी पाय टाकला नाही. आखाजीला तिला यावं लागणार हे मला माहीत होतं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आम्हा खानदेशी लोकांची दिवाळी एकीकडे आणि आखाजी एकीकडे. त्या दिवशी गेलेल्या माणसांची घागर भरतात, निखाऱ्यावर त्यांच्या नावाने घास टाकतात. हिची पहिली घागर होती. आक्का सकाळीच आली. नवीन घागर धुतली, पाणी भरलं, वर आंबा ठेवला, कुंकू लावलं. पुरणपोळ्या, सांजोऱ्या, आमरस, कुरडया. सून आणि ती सकाळपासून तळत होत्या. घरभर तुपाचा वास. कुत्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नाक टेकून पडलेली, शेपटी हलते आहे.

नातेवाईक जमले. निखाऱ्यावर घास टाकून झाला. मग पानांवर घास काढतात, एक गाईचा, एक कावळ्याचा, एक कुत्र्याचा. आक्काने कुत्र्याच्या पानावर पुरणपोळी ठेवली, वर तुपाची धार सोडली, बाजूला सांजोरी. पान उचललं. कुत्री उठून उभी राहिली.

मी मधे गेलो.

"हे नाही द्यायचं."

"भाऊ, आजना दिवस तरी उगा राय. हाऊ घास तिना नावना शे."

"म्हणूनच नाही द्यायचं."

सगळे बघायला लागले. पोरगा म्हणाला, बाबा, एक दिवस. सुनेने पोरांना मागे ओढलं. आक्का पान धरून तशीच उभी. तिचं वय माझ्यापेक्षा जास्त. उकाड्यात बसून सकाळपासून तिने हे केलं होतं. मला तिला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं नव्हतं. पण पान मी जाऊ देणार नव्हतो.

"आक्का," मी म्हटलं, "ती असती तर या कुत्रीला दुखेल असं तिने काही घातलं असतं का? तिच्या नावाने हिला दवाखान्यात पाठवायचं? गाईला दे. पोळी, सांजोरी, सगळं गाईला दे. हिच्यासाठी मी केलंय."

मी डबा आणला. तोच, नानखटाईचा. उघडून तिच्यापुढे धरला.

आक्काने डब्यात बघितलं. तिला मी काही सांगितलं नव्हतं, आकार बदलला हेही नाही. ती एक उचलून बोटांत फिरवायला लागली. लग्नानंतर तीसुद्धा उधन्याला खात्यात कांडी भरायच्या मशीनवर बसायची. तिचा अंगठा आपोआप निमुळत्या टोकावर गेला.

"हाई त कांडी शे," ती म्हणाली.

"मग?"

"कशी वळेल शे ही?" तिने ती डोळ्याजवळ नेली. "मधेच जाड. अशी कांडी धोट्यात घातली असती तर पहिल्याच फेरीला अडकली असती. मुकादमाने तुला हाकललं असतं."

मागे कोणीतरी हसलं. आक्का हसली नाही. तिने पान खाली ठेवलं, पोळी गाईच्या पानावर सरकवली, सांजोरीही. रिकाम्या पानावर एक कांडी ठेवली. मग थोडं थांबून दुसरी ठेवली. त्यावर पळीभर पाणी फिरवलं, तोंडातल्या तोंडात माझ्या बायकोचं नाव घेतलं, ते मला ओठांवरून कळलं, आणि पान कुत्रीपुढे ठेवलं.

"खाय माय. खाय."

कुत्रीने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. तूप तिकडे होतं. मग तिने पान हुंगलं. मी खाली बसलो, गुडघे वाजले असतील, मला ऐकू आलं नाही. लूम बरोबर चाललाय का ते आम्ही चौकटीवर तळवा ठेवून ओळखायचो. मी कुत्रीच्या जबड्याखाली तळवा ठेवला. तिने कांडी तोंडात घेतली. कडक, कोरडी, आतपर्यंत भाजलेली. ती तुटली ते माझ्या हाताला कळलं.

आक्का वरून काहीतरी बोलत होती. मी मान वर केली. ती परत ओरडून म्हणाली, "पुढच्या वेळी पीठ मळलं की मला बोलाव. तुझ्या हाताला वळण नाही."